चाळिसावं घर

४ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता ऑफिसातल्या एका मुलीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच. फाडायला काय, नंतरही फाडता येतं.

काम आहे म्हणून लिहितेय. दोन वर्षांपूर्वीचं उगाळायला नाही. तो विषय माझ्याकडून संपला. व्होल्टेजमुळे जे झालं ते व्होल्टेजमुळे झालं.

मी निवृत्त झाले हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. सत्तावीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून मीटर वाचले आणि एके दिवशी घरी बसले. तीन आठवड्यांत मी शेजारणीच्या जिन्यातला दिवा दिवसातून चार-चारदा बंद करायला लागले होते. शेवटी तिनेच मला हाताला धरून आपल्या भाचीकडे नेलं आणि म्हणाली, "हिला काहीतरी काम दे गं, नाहीतर आम्ही सगळे अंधारात पडून मरू."

ही भाची म्हणजे आमची कप्तान. वय एकतीस. केसांत पेन्सिल खोचते आणि मग तीच पेन्सिल ऑफिसभर शोधते. काखेत कळसा असतो तसा हिच्या डोक्यावर. तिच्यासोबत आकडेमोड करणारा एक तरुण आहे, त्याला सगळे 'गणित'च म्हणतात, आणि फोनवरचे पडदे काढणारी एक चित्रकार. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर बसून हे तिघं एक अ‍ॅप बनवताहेत. लोकांनी वीज कमी जाळावी, धूर कमी व्हावा, हवा जरा कमी तापावी, यासाठी. पुढे पाणी आणि कचराही घेणार आहेत, पण सुरुवात विजेपासून.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पडदा दाखवला. 'या महिन्यात तुमच्या घरामुळे हवेत अमुक किलो धूर गेला.' मी म्हटलं, किलोभर धूर कुणी पाहिलाय का? कुठल्या पिशवीत भरतात? सत्तावीस वर्षांत दारात उभं राहून लोकांनी मला तीनच प्रश्न विचारले. मागच्या वेळेपेक्षा कमी आलंय का जास्त? शेजारच्यांचं किती आलं? आणि चहा घेणार का? तुमचं अ‍ॅप यातलं काहीच बोलत नाही. कप्तानने पेन्सिल शोधली, सापडली नाही, म्हणून माझंच पेन घेऊन ते लिहून घेतलं. त्या दिवसापासून अ‍ॅपमधले शब्द मी लिहिते. तुझी धाकटी बहीण, जिला शाळेत निबंधाला कधी निम्मेही गुण मिळाले नाहीत!

आता मुद्दा. अ‍ॅप वापरून बघायला चाळीस घरं हवी आहेत. वीस तारखेपर्यंत ती भरली नाहीत, तर ज्या संस्थेने आम्हाला ही माडी आणि सहा महिने दिलेत ती दोन्ही काढून घेणार. एकोणचाळीस झालीत. करायचं इतकंच, झोपताना मीटरचा एक फोटो आणि उठल्यावर एक. घर झोपलेलं असताना मीटर किती धावतो, ही माझी कल्पना. दिवसाचा वापर माणसाच्या गरजेचा असतो, झोपेतला बहुतेक विसराळूपणाचा.

तुलाच का विचारतेय, असं तुला वाटेल. तुमचा मीटर दर्शनी भिंतीवर आहे आणि स्वच्छ वाचता येतो. एवढंच कारण.

धाकटी


२१ जानेवारी

ताई,

आलीस! उत्तर नाही, चार ओळी नाहीत, पण एकोणीस तारखेला 'घर क्रमांक चाळीस' असं उजळलं आणि खाली तुमच्या मीटरचा फोटो. कोपऱ्यात तुझा अंगठाही आला होता. मी खुर्चीतून उठून ओरडले. चित्रकार पळत आली, तिला वाटलं उंदीर निघाला. नियमाप्रमाणे कुठलं घर कुणाचं हे आम्हाला कळत नाही, पण तो अंगठा मी हजारांत ओळखीन. लहानपणी याच अंगठ्याने माझे गाल ओढलेस.

मला माहीत आहे, तू माझ्यासाठी नाही आलीस. कुणाचं काम अडू नये म्हणून आलीस. तरी आलीस ना.

आता इथल्या गमती ऐक. घर बारामध्ये एक निवृत्त हेडमास्तर आहेत, हे त्यांच्याच शेऱ्यांतून कळलं. पहिला नंबर यावा म्हणून ते झोपताना फ्रिजसुद्धा बंद करायला लागले. तीन दिवस पहिले आले, चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोने अ‍ॅपच्या शेरा लिहायच्या जागेत लिहिलं, 'दूध नासलं. यांना नापास करा.' घर सत्तावीसमधलं नवं जोडपं आकडा कमी दिसावा म्हणून रोज झोपायला मुलीच्या माहेरी जातं. सासूबाई कंटाळून स्वतःच चौकशीला आल्या, हे अ‍ॅप बंद कधी होणार.

आणि मी लिहिलेले शब्द! पहिल्या आठवड्यातलेच सांगते. 'गिझर चालू ठेवून कुठे गेला होतात?' 'पंखा भिंतींना वारा घालतोय.' मला वाटलं, काय झकास जमलंय. पाच घरांनी शेरा पाठवला. चौघांचा अर्थ एकच होता, पाचव्याने सरळ लिहिलं होतं, 'हे अ‍ॅप आहे की सासू?'

कप्तान मला म्हणाली, "मावशी, थोडं मऊ करता येईल?" मी म्हटलं, बघते. पण खरं सांगू, मला टोचल्याशिवाय बोलता येत नाही. हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

तुमचे आकडे मी पाहत नाही. म्हणजे पाहते, पण सगळ्यांचे पाहते तसेच.

धाकटी


६ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितेय. हे पत्र सोमवारच्या आत पोचलं तर फार बरं होईल.

तुमचे आकडे मी आज नीट मांडून पाहिले. दोन आठवड्यांचे. घर झोपलेलं असताना तुमच्याकडे रोज सारखाच वापर आहे, एका दाण्याचा फरक नाही. त्यातून फ्रिज वजा केला तर अर्धा युनिट उरतो. हा अर्धा युनिट माझ्या ओळखीचा आहे. तुमच्याकडे आले की मी जाता-येता मीटर बघायचेच, तू चिडायचीस. पूर्वी तुमच्याकडे नेमका एवढाच उरायचा. हवेचा पंप आणि पाणी कोमट ठेवणारी कांडी.

भाऊजींनी पुन्हा मासे आणलेत. हो ना?

मी किती हसले काय सांगू! एकटीच, पडद्याकडे बघून. त्यांनी ती काचेची पेटी माळ्यावर टाकली होती आणि परत या घरात मासा येणार नाही असं म्हणाले होते, हे मला तुमच्या लेकीकडून कळलं होतं. तेव्हापासून मला कुठलाही मासा बघवत नव्हता. आता आणलेत म्हणजे आणलेत. किती? रंग कोणते?

पण घोळ असा झालाय, की ज्या घरांत झोपेतला वापर जास्त आहे त्यांना सोमवारी सकाळी आपोआप एक संदेश जाणार आहे. मीच लिहिलाय. 'घर झोपलं, मीटर जागाच. सतत चालणारं एक बटण आजच बंद करा.' यादीत घर चाळीस आहे.

मी गणितकडे गेले. म्हटलं, चाळीस वगळ. तो म्हणाला, "मावशी, एक घर असंच वगळलं तर सगळी चाचणी खोटी ठरते. कारण द्या, लगेच वगळतो." मी कारण दिलं नाही. उगाच हातवारे केले आणि बाहेर आले.

तू मला फोनवर बंद करून ठेवलंयस, म्हणून टपालाने सांगते. सोमवारचा संदेश वाचू नका. कुठलंही बटण बंद करू नका. भाऊजींना तर तो दाखवूच नकोस.

धाकटी


१३ फेब्रुवारी

ताई, आणि भाऊजी, हे पत्र तुम्हालाही आहे,

सोमवारी संदेश गेला. माझं पत्र त्याच्या मागून पोचलं असणार. त्या दिवसापासून घर चाळीसचा एकही फोटो आलेला नाही. चार दिवस मी सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी जाते आणि रिकामा चौकोन बघते.

काय झालं असेल ते मला दिसतंय. भाऊजींनी फोन हातात घेतला, वाचलं, आणि त्यांना वाटलं असेल, बघा, मशीनसुद्धा तेच म्हणतंय, मासे तुझ्या हाताला लाभायचे नाहीत. आणि ते शब्द माझे. दुसऱ्यांदा माझे.

तर आता लिहिते. फिरवून लिहायला गेले की मी फिरतच राहते, म्हणून सरळ.

व्होल्टेजमुळे काही झालं नव्हतं. बटण मी बंद केलं होतं.

आपण तिघं तीन दिवसांसाठी तुमच्या लेकीकडे निघालो. तुम्ही दोघं खाली रिक्षात बसला होतात. कुलूप लावायला मी मागे राहिले. कुठल्याही घरातून निघताना मी सगळी बटणं बंद करते, जित्याची खोड. खिडकीच्या पडद्यामागच्या लाकडी बोर्डावर एक बटण चालू होतं. ते कशाचं, हे बघितलंसुद्धा नाही. खट् करून बंद केलं आणि खाली आले. शिवाय रिक्षात तुम्हाला ऐकवलंही, "विसरता तुम्ही, मी केलं सगळं बंद."

परत आलो तेव्हा कुलूपही मीच उघडलं. दोन पावलं पुढे होते. पेटीकडे नजर गेली, अकराच्या अकरा वर तरंगत होते, आणि मला त्याच क्षणी कळलं. तुम्ही चपला काढेपर्यंत मी पडद्यामागे हात घालून बटण पुन्हा चालू केलं. खरं पाप ते. बंद केलं ती चूक होती. चालू केलं तो खोटेपणा होता.

मग भाऊजी विचारत राहिले, असं कसं झालं, असं कसं झालं, आणि मी वीजखात्यातल्या बाईच्या आवाजात म्हटलं, "व्होल्टेज खाली गेलं असणार. घरी जोडलेल्या बोर्डांना झेपत नाही." तो बोर्ड भाऊजींनी स्वतः जोडला होता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि बोर्ड भिंतीवरून काढला. ताई, तू म्हणालीस, "तूच बंद केलंस." मी म्हटलं, "मी? पंचवीस वर्षं वीजखात्यात काढली मी!" चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. त्यावर तू म्हणालीस, खरं बोलशील तेव्हाच या दारात पाय ठेव. त्यात तुझं काही चुकलं नाही.

भाऊजी, तुमचा बोर्ड चांगला होता. तुमची जोडणी पक्की होती. मी लाखभर जोडण्या पाहिल्यात, म्हणून सांगते. दोष सगळा माझा. मला माफ करा, नाही केलंत तरी चालेल, पण मासे ठेवा.

काल हे सगळं ऑफिसातही सांगितलं. तिघंही ऐकत होते. सांगताना रडले, त्याची आता लाज नाही. गणित म्हणाला, "म्हणजे आपलं अ‍ॅप पण तेच करतंय. कशाचं बटण आहे ते न विचारताच बंद करा म्हणतंय." कप्तानने केसातून पेन्सिल काढली, पहिल्यांदाच पहिल्या झटक्यात सापडली, आणि आम्ही दिवसभर बसून अ‍ॅपमधले सगळे संदेश मोडीत काढले.

धाकटी


२ मार्च

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, एकदा उभ्याने, दोनदा बसून. कप्तानला वाचून दाखवायची परवानगी तुझ्याकडून घेतली नाही, पण दाखवलं. 'यांच्यासमोर मोठ्याने वाचलं, दोनदा. दोन वर्षं मी घसा फोडून सांगत होते की बटण तिनेच बंद केलं, आणि हे म्हणायचे, छे, ती असं करणारच नाही, माझाच बोर्ड कच्चा. नवरा माझा आणि बाजू तुझी! मला राग माशांचा नव्हता गं, याचा होता.' या ओळीला चित्रकार खुर्चीतून पडायची राहिली.

मला हे माहीतच नव्हतं. मी समजत होते भाऊजी मला शिव्या घालत असतील, आणि ते बिचारे तुझ्याशी माझ्यासाठी भांडत होते! वाचून हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले.

'आता हे पेपर तोंडासमोर धरून बसलेत, तुझं नाव काढलं की पान उलटतात. मी मात्र जिंकले. तू एवढ्यात येऊ नकोस.' नाही येत. ते म्हणतील तेव्हाच येईन. पण तू पत्राच्या सुरुवातीला 'धाकटे' असं लिहिलंस, त्यावर मी महिनाभर जगेन.

अ‍ॅपचं सांगते. आता ते आधी विचारतं. 'घर झोपल्यावरही इथे काहीतरी चालू असतं. काय आहे ते?' खाली दोन बटणं. एक 'बंद करतो', दुसरं 'हे राहू दे'. दुसरं दाबलं की कशासाठी ते लिहायला जागा, आणि मग अ‍ॅप त्याबद्दल पुन्हा कधी बोलत नाही. संस्थेची माणसं आली होती. त्यातले एक साहेब म्हणाले, "असं बटण दिलंत तर सगळे तेच दाबतील. मग बचत कसली?" ते म्हणत होते ते मलाही चुकीचं वाटत नव्हतं. त्यांनी दोन आठवड्यांची मुदत दिली.

सगळ्यांनी तेच दाबलं, ताई! जवळजवळ प्रत्येक घराने. आणि काय काय लिहिलं! 'बाबांचा रेडिओ. बंद केला की त्यांना जाग येते.' 'बाळाच्या खोलीतला छोटा दिवा.' 'दारावरचा दिवा, मुलगी दवाखान्यात रात्रपाळी करून येते.' घर बाराच्या हेडमास्तरांनी लिहिलं, 'आमचं काही नाही, सगळं बंद करतो. पण विचारलंत, बरं वाटलं.' आम्ही चौघं ते एकमेकांना वाचून दाखवत होतो आणि काम राहून जात होतं.

आणि मग गंमत झाली. ज्याने एक गोष्ट राखली, त्याने आपण होऊन दुसऱ्या दोन-तीन बंद केल्या. रेडिओवाल्यांनी दोन टीव्हींचे प्लग भिंतीतून काढले. दारावरच्या दिव्यावाल्यांनी गिझर. कुणी सांगितलं नव्हतं. गणितने चारदा बेरीज केली. तुमचं सोडून एकोणचाळीस घरांचा झोपेतला वापर पाचव्या हिश्शाने उतरलाय. माझ्या टोचण्याने तो केसभरही उतरला नव्हता. ते साहेब परत आले, कागद पाहिला, आणि आम्हाला आणखी एक वर्ष आणि चारशे घरं दिली. कप्तान माडीच्या लाकडी जिन्यावरून नाचत खाली गेली, तेव्हा खालच्या दुकानदाराने छताकडे बघून हात जोडले.

हे सगळं खरं, पण त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट वेगळी होती. दुपारी घर चाळीसचा चौकोन उजळला. 'हे राहू दे' दाबलेलं होतं. खाली, तुझं नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या तरी शुद्ध भाषेत लिहिलं होतं, 'नऊ मासे. जोडणी पक्की आहे.'

धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तुला पत्र लिहितेय. उद्या टपालात टाकलं तर परवा तुम्हाला डोंगरावरच्या सहलीत मिळेल. फोन करता आला असता, आता तो तू उघडलास, पण काही गोष्टी मला तुझ्याशी बोलून सांगता येत नाहीत. मध्येच तू हसतेस आणि मग मी भांडते.

परवा तू वर बॅग भरत होतीस ना, तेव्हा खाली काय झालं ते तुला माहीत नाही.

मी दाराशीच उभी होते. भाऊजींच्या निरोपावरून दोन वर्षांनी आले, बसावं की नाही कळेना. भाऊजी पेपर घेऊन बसले होते. पान उलटलं. मग पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "चला." मला पेटीपाशी नेलं. मासे नारिंगी आहेत आणि एक काळा आहे, तो सारखा काचेला तोंड लावतो. त्यांनी किती चिमटी खाऊ घालायचा ते दाखवलं, दोनदा दाखवलं. मग पडद्यामागे नेऊन बोर्ड दाखवला. तोच लाकडी बोर्ड, ताई. त्यांनी तो फेकला नव्हता. पुन्हा भिंतीवर लावलाय. कडेला नवीन वार्निशसुद्धा केलंय.

मी म्हटलं, "भाऊजी, शेजारी आहेत, पुतण्या आहे. आठवड्याचा प्रश्न. माझ्यावर कशाला सोडता?"

ते म्हणाले, "शेजारी चुकून बटण बंद करतील. पुतण्या करेल. साफसफाईची बाई करेल. उद्या तुमची ताईसुद्धा करेल, तिचा नेम नाही." मग माझ्याकडे बघून हसले. दोन वर्षांनी पहिल्यांदा. "अख्ख्या गोतावळ्यात आता तुम्ही एकट्याच अशा आहात, की जन्मात या बटणाला हात लावणार नाहीत."

आणि किल्ली माझ्या हातात दिली. वरून तू ओरडत होतीस की मफलर कुठे आहे. त्यांनी तुला उत्तर दिलं आणि मला हळूच म्हणाले, "रडू नका. पाणी खारं झालेलं त्यांना चालत नाही."

आज तिसरा दिवस. सकाळी-संध्याकाळी खाऊ घालते. दुपारी खुर्ची ओढून समोर बसते आणि काहीच करत नाही. एवढी स्वस्थ मी आयुष्यात कधी बसले नव्हते. काळ्याने मला ओळखलंय असं वाटतं, पण तू म्हणशील, त्याला चिमटी ओळखता येते.

आत्ताच मोजले. नऊ आहेत. तुम्ही सावकाश या.

तुझी
धाकटी